बाहेरची चिठ्ठी



1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. तेव्हापासून कर्नाटकातला, कोकणातला, माणदेशातला आजारी माणूस मिरजेची वाट धरत आला आहे. स्वागताध्यक्षाने गावाचे कौतुक करावे आणि बसावे, असा रिवाज आहे. पण संप्रेरकांच्या औषधांचा सरकारी तिजोरीवरचा भार हा या परिषदेचा विषय गेली अडतीस वर्षे माझ्या औषध दुकानाच्या काउंटरवर रोज येतो. म्हणून चार शब्द जास्त बोलतो.

हा विषय माझ्याकडे येतो बाहेरच्या चिठ्ठीतून. सरकारी रुग्णालयात तपासणी होते, निदान होते आणि औषधापाशी घोडे अडते: ‘साठा संपलाय, बाहेरून घ्या.’ 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. चिठ्ठ्या मात्र अजून येतात. एक बाई दोन वर्षे माझ्याकडून थायरॉइडच्या गोळ्या नेत होत्या. बाटली महिनाभर जास्त कशी पुरते, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “दिवसाआड घेते, भाऊ.” त्या गोळीची किंमत दीड-दोन रुपये. वर्षाचा खर्च सातशेच्या आसपास. तेवढ्यासाठी ही बाई थकव्याने शेतावरची मजुरी बुडवत होती.

हीच गोळी बाळाला लागली, तर उशीर परवडत नाही. जन्मतः थायरॉइडचे संप्रेरक कमी असलेले मूल आपल्याकडे साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एक असते. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली, तर ते इतर मुलांसारखे शाळेत जाते. उशीर झाला, तर बुद्धीची वाढ खुंटते आणि ती भरून येत नाही. पहिल्या वर्षाच्या गोळ्यांना एका बऱ्या साडीइतकाही खर्च येत नाही. शेजारच्या गोव्यात 2008 मध्येच नवजातांची अशी तपासणी सरकारी पातळीवर सुरू झाली होती. तिजोरीवरचा भार मोजताना तपासणीविना राहिलेले मूल कोणत्या खात्यावर मांडायचे, हे या परिषदेने सांगावे.

स्वस्त औषध स्वस्तच राहील, असेही धरून चालू नये. इंग्लंडचे उदाहरण मी दुकानातल्या पोरांना नेहमी सांगतो. लायोथायरोनिन हे तिथले थायरॉइडचे जुने, पेटंट केव्हाच संपलेले औषध. तिथे किमतीवर नियंत्रण होते ते ब्रँडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांवर. कंपनीने ब्रँडचे नाव काढून टाकले आणि औषध त्या नियंत्रणाबाहेर गेले. 2009 मध्ये 20 पौंडांना मिळणारे पाकीट 2017 मध्ये 248 पौंडांवर पोहोचले. गोळी तीच होती. अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीच्या रुग्णांना लागणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या पाकिटाचे तर 70 पेन्सचे 88 पौंड झाले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा या एका औषधावरचा वार्षिक खर्च पाच लाख पौंडांवरून आठ कोटींच्या पुढे गेला. 2021 मध्ये स्पर्धा नियामकाने दोन्ही प्रकरणांत जबर दंड ठोठावले. पण मधल्या काळात लायोथायरोनिन महागले म्हणून ते लिहून देण्यावरच बंधने आली. कंपनीच्या नफ्याची किंमत शेवटी रुग्णाने मोजली.

आपल्याकडे 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाला कमाल किंमत लागते, मग ते ब्रँडचे असो वा नसो. ही फार मोलाची तटबंदी आहे. थायरॉइडच्या गोळीतले थायरॉक्सिन त्या यादीत आहे. 2022 मध्ये अधिवृक्क ग्रंथीच्या रुग्णांचे फ्लुड्रोकॉर्टिसोनही आले. पण यादीत नाव आले म्हणजे फडताळात औषध आले, असे नाही. अधिवृक्क ग्रंथीचे रुग्ण थोडे, खप थोडा, म्हणून वितरक माल ठेवत नाही. असा रुग्ण तापाने फणफणला आणि त्याच वेळी औषधात खंड पडला, तर जीव जाऊ शकतो. स्वस्त आणि कमी खपाच्या औषधाला वाली नसतो. त्याचे वाली सरकारने व्हावे, वर्षाची मागणी आधी नोंदवून खरेदी करावी, असे मला कळकळीने वाटते.

वाढीच्या संप्रेरकाची गोष्ट वेगळी. ते खरोखर महाग आहे, इंजेक्शन वर्षानुवर्षे रोज द्यावे लागते. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या धोरणात त्याला जागा आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्या धोरणाखालचे एक केंद्र आहे. आटपाडीच्या मजुराने पोराला घेऊन तिथवर किती खेपा घालायच्या, याचाही हिशेब खर्चात धरा.

गेल्या तीन महिन्यांत माझ्याकडे आलेल्या बाहेरच्या चिठ्ठ्यांची मी एक वही केली आहे. रुग्णांची व रुग्णालयांची नावे गाळून फक्त औषध, मात्रा, तारीख आणि ‘किती दिवसांचे घेतले’ एवढेच लिहिले आहे. शेवटचा रकाना जरूर पाहा. बहुतेक ठिकाणी तीसच्या जागी दहा किंवा पंधरा आहे. वही नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. उद्या खरेदीवरच्या सत्राला जाण्यापूर्वी ती चाळावी, अशी विनंती करतो.