सृष्टीच्या आरंभींचें जल

ज्यू व ख्रिस्ती या दोन्ही धर्मांना पूज्य असलेल्या उत्पत्ति-ग्रंथाचा पहिला शब्द ‘बेरेशीत्’ हा आहे. त्याचा रूढ अर्थ ‘प्रारंभीं’. देवानें प्रारंभीं आकाश व पृथ्वी निर्माण केलीं, असें म्हणून वाक्य तेथेंच पुरें केलें, म्हणजे त्यापूर्वीं देवावांचून कांहींच नव्हतें, हा सिद्धांत सहज निघतो. संत ऑगस्टीननें तर याच वचनांवर चिंतन करून काळही सृष्टीबरोबरच उत्पन्न झाला, असें प्रतिपादिलें.

परंतु फ्रान्समधील त्रुआ येथील राशी या ज्यू भाष्यकारानें (१०४०–११०५) निराळा अन्वय लाविला. देव सृष्टि निर्माण करूं लागला तेव्हां पृथ्वी अस्ताव्यस्त होती, अथांग जलावर अंधार होता. आणि मग त्यानें प्रकाशाला आज्ञा केली, असें हें एकच लांब वाक्य आहे, असें त्याचें मत. जल केव्हां उत्पन्न झालें, हें ग्रंथ सांगतच नाहीं, हा त्याचा आधार. मूळ हिब्रू लेखनांत व्यंजनेंच होतीं; स्वरचिन्हें कित्येक शतकांनंतर लागलीं. स्वर पालटले कीं ‘निर्माण केलें’ याचें ‘निर्माण करणें’ होतें, आणि शून्याच्या जागीं अंधारांतील जल येतें.

मग देवाशेजारीं दुसरें अनादि तत्त्व होतें काय? १८७६ मध्यें जॉर्ज स्मिथ यानें बाबिलोनची सृष्टिकथा प्रसिद्ध केली, तेव्हां या प्रश्नाला नवी धार आली. तींत मार्दुक हा देव सागररूपिणी तियामात् हिला मारून तिच्या अर्ध्या देहाचें आकाश करतो. हिब्रूंतील अथांग जलाचें नांव ‘तहोम’. तो शब्द तियामात् या नांवाचा सगोत्र आहे. परंतु येथें तें जल लढत नाहीं. त्यावर देवाचा ‘रूआह’ वावरतो, आणि त्या शब्दाचे वारा, श्वास व आत्मा असे तिन्ही अर्थ होतात. शस्त्र कोठेंच नाहीं.

बाबिलोनच्या सैन्यानें इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास ज्यांचें यरुशलेमचें मंदिर जाळलें, त्यांच्या हद्दपारीच्या काळांत किंवा त्यानंतर या अध्यायाला सध्यांचें रूप आलें, असें अनेक पंडित मानतात. तसें असल्यास त्याचें मौन बोलकें आहे. विजेत्यांच्या देवांचा त्यांत उल्लेख नाहीं. सूर्यचंद्रांनाही नांव न देतां दोन मोठ्या ज्योति एवढेंच म्हटलें आहे.

पंडिता रमाबाईंनीं १९२२ मधील आपल्या निधनापूर्वीं मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. असें काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच ओळींत एक अन्वय पत्करावा लागतो. कोणताही पत्करला, तरी अंधाराला उत्तर मिळतें तें आज्ञेनें, युद्धानें नव्हे.