तळहातावरील शिवलिंग
(गोंदिया येथे दिलेले व्याख्यान)



अहिल्यादेवी होळकरांचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. पांढरे लुगडे, डोक्यावर पदर, तळहातावर शिवलिंग. आपण नमस्कार करतो आणि पुढे जातो. आज त्या चित्रापाशी क्षणभर थांबू या.

शुभ्र वस्त्र वैधव्याचे आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. परंतु तो हात केवळ पूजेचा नव्हे. राज्य शंकराचे, आपण विश्वस्त, अशी त्यांची धारणा होती. म्हणून ते शिवलिंग मला राजदंडाच्या जागी दिसते. यास आधार हिशेबाचा आहे. होळकरांची खासगी वेगळी, दौलत वेगळी. १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले, ठिकठिकाणी घाट व विहिरी बांधल्या गेल्या. त्या धर्मकार्याचा भार त्यांनी खासगीवर ठेवला, दौलतीवर नव्हे.

नवेगावबांधासारखे जुने तलाव सांभाळणाऱ्या या जिल्ह्यास हे नवे नाही. पाणी साऱ्या गावाचे असते. राखणारा त्याचा धनी नसतो.

आज ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या खुर्चीवर बसणाऱ्या भगिनींनी या चित्रातील भक्तीबरोबर हिशेबही पाहावा, एवढीच विनंती.