शिखर तेच, वय निराळे

जपानच्या युइचिरो मिउरा यांनी 1970 साली, वयाच्या 37व्या वर्षी, एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीवरून पाठीला पॅराशूट बांधून स्कीवर झेप घेतली. पुढे साठीच्या आसपास वजन वाढले, रक्तदाब वाढला. तेव्हा घोट्यांना वजने बांधून, पाठीवर जड पिशवी घेऊन ते टोकियोच्या रस्त्यांवर रोज चालू लागले. 2003 साली, सत्तराव्या वर्षी त्यांनी एव्हरेस्ट सर केले. पुन्हा 75व्या आणि 80व्या वर्षीही! मध्यंतरी कंबरेचे हाड मोडले, हृदयावर शस्त्रक्रिया झाल्या. म्हणून 2013 च्या चढाईत त्यांनी घाई टाळली. अर्धा दिवस चालायचे, उरलेला वेळ विश्रांती.

उंचीवर हवेचा दाब घटतो, श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी होतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. शरीराला सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो, वय कोणतेही असो.

2019 मध्ये, 86व्या वर्षी, अकोन्काग्वा या पर्वतावर सोबतच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितले आणि मिउरा मागे फिरले. तेव्हा मंडळी, डोंगर जरूर चढा. पण आधी तपासणी, मग सराव, आणि डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले की थांबा.