मांडव्याच्या पल्याडचा ट्रम्पेट

किहीमकर मुंबईहून घरी यायचे तर गेटवेला मांडव्याची लाँच पकडतात. समोरच उभं आहे ताज हॉटेल. 1940 च्या दशकात तिथे जॅझ वाजवायचा गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो वाझ. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत.

हाच जॅझ सिनेमात आणला पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्र ऊर्फ अण्णांनी. 1951 चा ‘अलबेला’ आठवा. भगवानदादांची ती सैलसर पावलं ज्या ठेक्यावर पडतात, त्यात बोंगो आहेत, क्लॅरिनेट आहे, ट्रम्पेट आहे. चिक चॉकलेटचा बँड तर पडद्यावरच दिसतो. आणि त्याच चित्रपटात लताबाईंची पिलू रागाच्या अंगाची अंगाईही! अण्णांची खरी कमाल मला इथं वाटते.

गोव्याचे वादक चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेले. कागदावर लिहिलेलं ते बघताक्षणी वाजवत. त्यामुळे स्टुडिओत मोठा वाद्यवृंद उभा राहिला. पुढे 1966 च्या ‘तीसरी मंझिल’मध्ये राहुलदेव बर्मननी ब्रास आणि गिटारचा धडाका लावला, सत्तरच्या दशकात फंकही आला. आज रात्री ‘अलबेला’ लावाच. गायकाकडे नव्हे, मागच्या ट्रम्पेटकडे कान द्या.