बिघाड चोपन्न

यंत्रापाशी अपघात घडला की आपण चालवणाऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर या गावी थेरॅक-२५ या यंत्राने एका कर्करोग्यावर किरणोपचार चालले होते. इलेक्ट्रॉनसाठी 'ई' टंकायचे, तेथे चालिकेच्या हातून क्ष-किरणांचे 'एक्स' उमटले. चूक तिने क्षणार्धात दुरुस्तही केली. पण ही चपळाई संगणकाला उमगलीच नाही. पडद्यावर अक्षरे आली : 'बिघाड ५४'. किती निर्विकार आकडा! त्याचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नव्हता. असले बिघाड नित्याचेच, एक कळ दाबली की काम पुढे चाले. तिने कळ दाबली. आत रुग्ण वेदनेने कळवळत होता आणि त्याचा आवाज बाहेर आणणारे साधन नेमके त्या दिवशी बंद होते. पाच महिन्यांनी तो मरण पावला.

श्रोतेहो, भीती ही माणसाची जागती राखणदार. क्षुल्लक अडचण आणि प्राणसंकट एकाच कोरड्या सुरात सांगणाऱ्या यंत्राने तिला केव्हाच निजवले होते. हाच दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता. तेथे मात्र फ्यूज उडून यंत्र थांबे. नव्या यंत्रातून असले अडसर काढून टाकले होते.