बदलते करकायदे, बुद्धिमान यंत्र आणि करसल्लागार



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, शेती, समाजसुधारणा असे विषय शोभतात. कराचा विषय कोणास गोड लागल्याचे ऐकिवात नाही. तरीही चालकांनी तो आमच्यापुढे ठेवला आणि आम्ही तो पत्करला, याचे कारण असे की, येथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी वर्षातून एकदा तरी प्राप्तिकराच्या विवरणपत्राची आठवण निघते. आणि ते भरून देणारा माणूस आज दुहेरी पेचात सापडला आहे. एकीकडे कायदा मुळापासून बदलला आहे, आणि दुसरीकडे त्याचेच काम करू लागलेले यंत्र आले आहे. त्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. त्याच्यावर विसंबून असलेल्या दुकानदाराचा, शिक्षकाचा आणि कारखानदाराचाही तो प्रश्न आहे.

कराचा हिशेब आपल्या परिसराला नवा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हेमाद्री हा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तरखान्याचा मुख्य अधिकारी होता. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली, ती आजच्या आपल्या शहराची सुरुवात. त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था दख्खनमध्ये दीर्घकाळ नावाजली गेली. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने तोडरमलाच्या धर्तीवर येथील महसुलाची पुन्हा घडी बसविली. राज्य बदलले की हिशेबाची रीत बदलते, हे या मातीने अनेकदा पाहिले आहे.

परंतु आपल्या आजच्या प्रश्नाला खरोखर उपयोगी पडेल असे उदाहरण फार जुने नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू. साल फसली, ते ऑक्टोबरात सुरू होई आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी. नाणे हाली शिक्क्याचे; सहा कलदार रुपयांस सात हाली असा भाव. हैदराबाद संस्थानाचा प्राप्तिकराचा कायदाही स्वतःचा, १३५७ फसलीचा. तो पुरता अंगवळणी पडण्यापूर्वीच १ एप्रिल १९५० पासून भारताचा १९२२ चा प्राप्तिकर कायदा येथे लागू झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा विक्रीकराचा कायदाही बदलणे ओघानेच आले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा अमलात आला.

आता विचार करा. बारा-चौदा वर्षांच्या अवधीत येथील वकिलाला आणि दिवाणजीला भाषा बदलावी लागली, पंचांग बदलावे लागले, नाणे बदलावे लागले आणि कायदा तर दोनदा बदलावा लागला. यातून कोण तरले असेल? ज्याला केवळ अर्जाचे नमुने पाठ होते, त्याची विद्या नमुन्याबरोबर गेली. ज्याला उत्पन्न म्हणजे काय, खर्च कोणता धरावा आणि पुरावा कशास म्हणावे हे कळत होते, त्याला नवी कलमे शिकावी लागली एवढेच. आमच्या आजच्या विवेचनाचा पाया हाच आहे.

आता वर्तमानाकडे येऊ. १९६१ चा कायदा साठ वर्षांहून अधिक काळ चालला आणि दुरुस्त्यांनी इतका फुगला की त्यात आठशेंहून अधिक कलमे झाली. त्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५ आला; तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात ५३६ कलमे आणि १६ परिशिष्टे आहेत. पूर्वी 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' या जोडीने सामान्य माणसाचा नेहमी गोंधळ होई. आता 'कर-वर्ष' हा एकच शब्द आहे. आयुर्विम्याचा हप्ता आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या वजावटीसाठी घरोघरी पाठ झालेले ८०-सी हे कलम आता १२३ झाले आहे. मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू. म्हणून करसल्लागाराला पुढील काही वर्षे दोन्ही पुस्तके उशाशी ठेवावी लागतील. वस्तू व सेवा कराचेही तेच. तो १ जुलै २०१७ रोजी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ हे दोन दर उरले.

आता यंत्राचा विचार. ते प्रथम सरकारच्या घरी आले. बँकेचे व्याज, समभागांची खरेदी-विक्री, जमिनीचे व्यवहार यांची माहिती खात्याकडे आपोआप जमते; २०२१ पासून ती वार्षिक माहितीपत्रकात करदात्यालाही दिसते. २०१९ पासून चेहराविरहित आकारणी सुरू झाली. पूर्वी साहेबांसमोर उभे राहून चार शब्द बोलण्यात सल्लागाराचे कसब असे. आता अधिकारी कोठे बसला आहे हेही ठाऊक नसते. जे सांगावयाचे ते लिहूनच सांगावे लागते. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणारे मध्यस्थ हे तिचे लक्ष्य होते, आणि त्यांचा माग काढण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत झाली होती.

तेच यंत्र आता सल्लागाराच्या मेजावर आले आहे. ते बिले वाचते, खतावणी जुळविते, नोटिशीला उत्तराचा मसुदा करते. जे काम करण्यास कारकुनाला तीन दिवस लागत, ते तासाभरात होते. यात कोणाची रोजी जाणार नाही, असे आम्ही सांगणार नाही. केवळ आकडे उतरविण्याचे काम जाणार. त्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांना दुसरे काही शिकविणे ही मालकाची जबाबदारी आहे. नव्या उमेदवाराला पहिल्या दिवसापासून यंत्राने केलेले काम तपासण्यास बसवावे. मूळ बिल, मूळ करार आणि मूळ कलम त्याच्यापुढे ठेवावे. त्याच्या हातून चुका शोधल्या गेल्या, की त्याला विद्या येईल.

आणि चुका असतात, हे पक्के समजावे. हे यंत्र शब्दामागून संभवनीय शब्द जुळवीत जाते. त्याला ठाऊक नसले तरी ते पुष्कळदा गप्प बसत नाही. खऱ्यासारखे दिसणारे काही रचून देते. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळूरच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेले निवाडे आढळले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे के. एम. जी. वायर्स या कंपनीचे प्रकरण आले. कंपनीने उत्पन्न दाखविले होते सुमारे ३ कोटी ९ लाख. आकारणी झाली २७ कोटी ९१ लाखांवर. आकारणी अधिकाऱ्याने ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते कोठेच सापडेनात. न्यायालयाने आकारणी रद्द केली आणि यंत्राने दिलेली उत्तरे पडताळल्यावाचून वापरू नयेत, असे बजावले. चूक दोन्ही बाजूंच्या हातून होऊ शकते. म्हणून आमच्या व्यवसायबंधूंना पहिला नियम हा सांगावासा वाटतो: जो निवाडा आपण स्वतः वाचलेला नाही, तो कागदावर येऊ देऊ नये.

यंत्राला जे जमत नाही, ते आपल्याच गावच्या उदाहरणाने पाहू. शेंद्रा-बिडकीनकडे एका शेतकऱ्याने जमीन विकली. कर लागेल काय? खेड्यातील शेतजमीन असेल तर नफ्यावर कर नाही. पण दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरहद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आत असेल, तर लागतो. आणि २०११ च्या जनगणनेतच आपल्या शहराने दहा लाखांचा आकडा ओलांडला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला मिळाला असेल, तर सूट आहे. दुसऱ्या कायद्याखाली घेतली, किंवा खाजगी खरेदीखत झाले, तर विचार निराळा. म्हणजे शेत एकच, पण अंतर, सातबारा आणि संपादनाचा कायदा पाहिल्यावाचून उत्तर नाही. यंत्र नियम सांगेल. पण शेतकऱ्याने बॅगेतून कोणता कागद काढलाच नाही, हे समोर बसलेल्या माणसालाच उमजते.

दुसरा नियम असा की, अशिलाची कागदपत्रे बाहेरच्या यंत्रात टाकू नयेत. तो आपले कर्ज आणि घरची वाटणी विश्वासाने सांगतो. ती कोठे साठते हे ठाऊक नसता पुढे देणे हा विश्वासघात होय. तिसरा नियम, जुलै महिन्याचा सल्लागार होऊ नये, बारा महिन्यांचा व्हावे. वाळूज-चिकलठाण्याच्या लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष फेडीपर्यंत देणाऱ्याला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. ही गोष्ट व्यापाऱ्याला फेब्रुवारीत सांगितली तर तिचा उपयोग. जुलैत सांगून काय होणार?

आता दोन शब्द आपल्याला. बारा लाखांपर्यंत कर नाही, एवढे ऐकून अनेकजण निर्धास्त झाले आहेत. समजा, एका शिक्षकाचे करपात्र वेतन नऊ लाख आहे आणि त्याला समभागांच्या अल्पमुदतीच्या विक्रीत एक लाख नफा झाला. नव्या पद्धतीत त्याच्या वेतनावर कर नाही. पण त्या एक लाखावर वीस टक्के आणि उपकर आहेच, कारण विशेष दराच्या उत्पन्नाला ती सवलत नाही. असे बारकावे सांगणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला द्या. 'परतावा जास्त काढून देतो, त्यातला अमुक हिस्सा द्या,' असे जो म्हणेल, त्याच्या पायरीवर चढू नका. तो हिस्सा घेऊन जाईल. नोटीस मात्र तुमच्या नावाने येईल, आणि खोट्या माहितीबद्दल बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद कायद्यात आहे. विवरणपत्र यंत्राने भरो की माणसाने, त्याखाली सही तुमची असते. सहीपूर्वी ते वाचा, न कळले तर विचारा. आणि मराठीतून समजावून सांगणे हे सल्लागाराचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.