बक्षीसपत्रात अट लिहिली आहे ना?

घर मुलांच्या नावावर करण्याचा विषय अनेकदा निघतो तो एका आकड्यामुळे. महाराष्ट्रात आईवडिलांनी राहते घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस दिले, तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. विक्रीखत केले तर तेच लाखांत जाते. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. तो दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घेतलेला बरा. जवळच्या नात्यातले बक्षीस म्हणून मुलाला त्यावर आयकरही पडत नाही. मग भाचे, शेजारी, ओळखीचे एजंट सगळेच म्हणतात, ‘करून टाका काका, आत्ताच.’

काकांनी जरा थांबावे.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घराचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोंदवावे लागते आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. एवढे झाले की मालक बदलला. पुढे मुलगा बोलेनासा झाला, तरी केवळ मन फिरले म्हणून वडिलांना घर परत मागता येत नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातले कलम 23 अशा वेळी कामी येते. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि मुलांनी सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. सगळी मेख त्या अटीत आहे. हरियाणातल्या एका आईचे प्रकरण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तिने हक्कसोडपत्र करून दिले होते, पण सांभाळाची अट त्यात नव्हती. ते रद्द करण्याचा आदेश टिकला नाही. मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या आईने मुलाला बक्षीसपत्र दिले, त्याच वेळचे मुलाचे वचनपत्रही होते: आईला शेवटपर्यंत सांभाळीन, नाही तर तिने घर परत घ्यावे. जानेवारी 2025 मध्ये तिला घर परत मिळाले.

तेव्हा अट तोंडी ठेवू नये. ‘मुलगा समजूतदार आहे, कशाला लिहायचे?’ हा युक्तिवाद दुय्यम निबंधकांच्या दाराबाहेर ठेवलेला उत्तम. जेवणखाण, औषधपाणी आणि आईवडील दोघांनाही हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क, हे दस्तातच यावे. हयातीपर्यंत ताबा आणि भाडे स्वतःकडे ठेवूनही बक्षीस वैध राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे.

खरे तर पुष्कळ घरांना मृत्युपत्र पुरते. त्याची नोंदणी सक्तीची नाही, साक्षीदार मात्र दोन हवेतच. आणि शुद्धीवर असेतो ते कितीदाही बदलता येते. ज्याच्यापाशी एकच फ्लॅट आहे त्याने तरी बक्षीसपत्राची घाई करू नये. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, हाही एक गोड गैरसमज. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. भावाबहिणींचे बरेच दावे इथूनच सुरू होतात.

बक्षीसपत्रच करायचे ठरले, तर घरावर कर्ज असल्यास आधी बँकेची परवानगी घ्यावी. मुलगा परदेशात असेल, तर त्याच्या वतीने कुलमुखत्यारधारक दस्त स्वीकारू शकतो. नोंदणीनंतर सूची क्रमांक 2 ची प्रत घेऊन सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलून घ्यावे. स्वतंत्र घर असेल तर मिळकत पत्रिकेवर फेरफार नोंदवावा. तो राहून गेला की विक्रीच्या वेळी खेटे सुरू होतात.